घुगऱ्या खाणारे वेगळेच

आयपीएलचा हंगाम जवळ आला की मराठवाड्यातल्या क्रिकेटवेड्यांवर एक ठरलेलं आरोपपत्र दाखल होतं. पूर्वी ते पुण्या-मुंबईचे मित्र वाचून दाखवायचे. आता आपल्यातलेच काही शहाणे त्यावर सह्या करू लागले आहेत. आरोप असा, की नांदेड-लातूरच्या माणसाला स्वतःचा संघ नाही, म्हणून निष्ठाही नाही. मुंबई जिंकत होती तेव्हा तो निळा होता, धोनीचं बरं चाललं तेव्हा पिवळा झाला, २०२५ मध्ये बंगळुरूनं अठराव्या हंगामात कप उचलला तर रातोरात लाल. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. खरा चाहता आपल्या मातीतल्या संघाचा असतो आणि तो हरला तरी त्याचाच राहतो. बाकीची सगळी जत्रेतली गर्दी.

ऐकायला भारदस्त आहे. या आरोपपत्रात तीन कलमं आहेत. एक, संघ आपल्या भूमीतला असावा. दोन, तसा नसेल तर निदान जिल्ह्याचा अभिमान तरी पक्का असावा. नांदेडकरानं नांदेडचं आणि लातूरकरानं लातूरचं म्हणावं. तीन, जिंकणाऱ्याच्या मागं धावू नये. माझ्या मते पहिलं कलम अज्ञानातून आलं आहे आणि दुसरं सोयीतून. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यात आरोपी चुकीचा धरलाय.

आधी मातीतल्या संघाचं बघू. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकाच्याही नावानं त्यात संघ आलेला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग निघाली, तिच्यात छत्रपती संभाजी किंग्ज नावाचा संघ आला. पण त्या पहिल्या हंगामाचे सगळे सामने झाले पुण्याजवळच्या गहुंजेत. नाव आमचं आणि मैदान तुमचं. लातूरच्या पोरानं या 'आपल्या' संघाला बघायला कुठं जायचं? जिथं मुंबई-चेन्नईचे संघ उतरतात तिथंच.

मग पुण्याचा संघ तरी आपला मानायचा होता, असं म्हणणारे भेटतात. मानलाही होता अनेकांनी. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आला, तीन हंगाम तळाशी लोळला आणि २०१३ मध्ये मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्या पैशांच्या भांडणात संपला. २०१६ मध्ये रायझिंग पुणे आला तो दोन वर्षांच्या करारावरच. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरला आणि त्या रात्रीनंतर तो संघ पुन्हा मैदानात दिसला नाही. एका धावेनं हरलेल्या संघाची हळहळ पुढच्या वर्षी व्यक्त करायची तर करणार कुणापाशी? संघ दुकान आवरून निघून गेला आणि निष्ठा दाखवायची जबाबदारी मात्र गिऱ्हाइकाची, हा कुठला न्याय?

आणि 'आपली भूमी' म्हणजे नेमकी कुठली, हे ठरवताना पुण्याच्या मित्रांनी जरा नकाशा आणि जरा इतिहास उघडावा. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबई सहाशेच्या आसपास. नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो. देगलूर-बिलोलीच्या घरांत सोयरिकी बोधन-निजामाबादला आहेत, उदगीर-देवणीच्या घरांत बिदर-भालकीला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. १९३७-३८ मध्ये हैदराबादनं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा आजच्या नांदेडकराचा आजा त्याच राज्याचा रहिवासी होता. महाराष्ट्राच्या संघानं प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोनदा रणजी जिंकली, तेव्हा तो संघ आजाच्या दृष्टीनं शेजारच्या मुलखाचा. आता देगलूरचा एखादा पोरगा हैदराबादची नारिंगी जर्सी घालून उप्पलच्या मैदानावर जात असेल तर त्याला वाऱ्यावरचा चाहता म्हणायचं, की घराण्याचा?

उरले पिवळे. त्यांच्यावर तर सगळ्यांचाच राग. पण २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळं चेन्नईचे घरचे सामने चेन्नईबाहेर हलवावे लागले आणि ते आले गहुंजेला. त्या वर्षी महाराष्ट्राच्या भूमीवर 'घरचा संघ' म्हणून पुण्यात उतरत होता तो चेन्नईचा. त्यात आपला केदार जाधव होता, आणि त्याच वर्षी तो संघ विजेता झाला. पुढं पुण्याचा ऋतुराज गायकवाड त्या संघात आला आणि २०२४ मध्ये कर्णधार झाला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२३ च्या पहिल्याच सामन्यात चेन्नईकडून उतरला आणि तीन बळी घेऊन गेला. तुळजापूर ते लातूर अंतर ते किती! उदो उदो करायला याहून सरळ कारण काय हवं? लातूरच्या मेसमध्ये नीटच्या अभ्यासातून तासभर चोरून पिवळ्या संघासाठी ओरडणाऱ्या पोराला विचारा, तो तुम्हाला धोनीच्या आधी ऋतुराजच्या खेळ्या सांगेल.

आणि ज्यांच्या गावात संघ आहे त्यांच्या निष्ठेचं काय झालं, तेही २०२४ मध्ये सगळ्या देशानं ऐकलं. वानखेडेवर, घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. रोहितला काढून हार्दिकला आणलं याचा राग होता, आणि तो रास्तही असेल. पण त्यातून एवढं कळतं, की मुंबईकराचं प्रेमसुद्धा संघाच्या नावावर आंधळं नसतं. ते माणसांवर असतं, आणि माणसं बदलली की तेही हलतं. मुंबईकर रोहितसाठी रुसला तर ती निष्ठा, आणि नांदेडकर धोनीसाठी पिवळा झाला तर ती संधिसाधूगिरी?

आता दुसरं कलम, जिल्ह्याच्या अभिमानाचं. नांदेड आणि लातूर यांच्यात चुरस आहे का? भरपूर आहे. मुख्यमंत्रिपद १९८६ मध्ये निलंगेकरांकडून शंकरराव चव्हाणांकडं गेलं, २००८ मध्ये विलासरावांकडून अशोकरावांकडं. म्हणजे दोन्ही वेळा लातूरकडून नांदेडकडं. मग २००९ मध्ये नांदेडला विभागीय आयुक्तालय द्यायचं ठरलं आणि लातूर पेटलं. रेल्वे कुणाची, पाणी कुणाचं, निकाल कुणाचा चांगला, यावर दोन्हीकडची माणसं लग्नाच्या पंगतीतसुद्धा हातघाईवर येतात. पण हे सगळं भांडण शासन निर्णयांच्या कागदांवर खेळलं गेलंय. मैदानावर काय चित्र आहे?

तिथं गंमत आहे. शालेय स्पर्धांसाठी राज्याचे आठ विभाग आहेत आणि त्यात नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो. म्हणजे नांदेडची खो-खोची पोरगी विभागीय फेरी जिंकून राज्याला गेली, की तिच्या नावापुढं 'लातूर विभाग' लागतं. तीच पोरगी पुढं शिकायला लातूरला आली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला निवडली गेली, तर तिच्या पाठीवर नाव येतं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं, आणि ते १९९४ पासून आहे नांदेडला. नांदेडची असताना ती लातूरसाठी खेळली आणि लातूरला आल्यावर नांदेडसाठी. जिल्ह्याच्या अभिमानाची शपथ घालणाऱ्यांनी आता सांगावं, तिनं कुणाशी गद्दारी केली?

याहून मोठा दाखला कुस्तीचा आहे, आणि तो जिल्हाभिमान्यांना पचणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नांदेडच्या शिवराज राक्षेनं सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला ५५ सेकंदांत चितपट केलं. नांदेडला मानाची गदा! आनंदीआनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण शिवराज मूळचा कुठला? पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा. तयार कुठं झाला? पुण्यात कात्रजला, काका पवारांच्या तालमीत. आणि अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार मूळचे कुठले? लातूर जिल्ह्यातले! पुण्याचं पोरगं, लातूरचा वस्ताद आणि गदा नांदेडच्या खात्यावर. आता ही गदा कोणत्या जिल्ह्याच्या अस्मितेत बसवायची ते ठरवा.

यात शिवराजचं काही चुकलं नाही. एका जिल्ह्यातून ठरावीकच मल्ल जाऊ शकतात. पुण्या-कोल्हापूरकडं तयारीचे गडी दाटीवाटीनं उभे असतात, म्हणून काही जण दुसऱ्या जिल्ह्यातून उतरतात. २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरी झालेला बाला रफिक शेख मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा, पण लढला बुलढाण्याकडून. ही कुस्तीतली रीतच आहे. माझा मुद्दा मल्लांबद्दल नाही. ज्या जिल्ह्याचं नाव नोंदणीच्या फॉर्मवर लागतं, त्याच्यावर जन्मजात निष्ठेचा डोलारा उभा करणाऱ्यांबद्दल आहे. फॉर्मवरचा रकाना बदलला की तुमची निष्ठा बदलणार असेल, तर जर्सी बदलणाऱ्या पोराला बोल लावायचा तुम्हाला हक्क काय?

कुस्तीनं निष्ठेचं खरं माप २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला दाखवलं होतं. अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. हर्षवर्धन ३-२ असा जिंकला, आणि जिंकल्याबरोबर त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. लातूर हरलं होतं का त्या दिवशी? जिल्हा मोजणाऱ्याला हरलं. तालीम मोजणाऱ्याला लातूरचा वस्ताद दोन्ही बाजूंनी जिंकला होता. आणि हे या मातीत नवं नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरला घडले, पुण्यात वस्ताद झाले आणि त्यांनी हाताशी धरला तो बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे. बिराजदार मामा २०११ मध्ये गेले, पुढं काका पवारांनी राहुलला तयार केलं आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं. लातूर-कोल्हापूर-पुणे-बीड अशी ही वाट आहे. या वाटेवर जिल्ह्याची हद्द कुठं आडवी येते ते दाखवा.

आता तिसरं कलम: जिंकणाऱ्याच्या मागं धावू नये. यात तथ्य आहे, हे मी आधीच म्हटलं. पण लोक आधी विजयामुळंच येतात, ही जगाची रीत आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. विदर्भाचं बघा. रणजीत वर्षानुवर्षं त्यांची गणती कच्च्या संघांत. २०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली त्यांनी पहिल्यांदा करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्यानंतर नागपूर-अमरावतीकडची पोरं 'आमचा विदर्भ' म्हणू लागली असतील तर त्यांना हंगामी म्हणून हाकलायचं का? संघ हरत होता तेव्हा त्यांना कुणी त्याचं नावही सांगितलं नव्हतं. आणि या विजयांत मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा करुण नायर होता. परका फलंदाज चालतो, मग परका चाहता का चालू नये?

कोल्हापूरच्या फुटबॉलचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार. पेठेतला माणूस मरेपर्यंत आपल्या तालमीचा. खरंय, आणि हेवा वाटावा असंच आहे. पण त्याच संघांतून आफ्रिकेतून आलेले खेळाडू शाहू स्टेडियमवर खेळलेत आणि पेठेनं त्यांना डोक्यावर घेतलंय. तिथली निष्ठा टिकते, कारण दरवर्षी सामना होतो, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर होतो, आणि गेल्या वर्षी हरलेल्याला या वर्षी उट्टं काढता येतं. निष्ठा अशी रुजते. ती आईच्या पोटातून येत नाही.

मग घुगऱ्या खाणारे कोण? ते आहेत, आणि त्यांना मी जवळून पाहिलंय. जर्सी बदलणारं पोरगं स्वतःच्या खिशातून तीनशे रुपये घालून ती विकत घेतं, रात्री अकरापर्यंत जागतं, हरल्यावर जेवत नाही. घुगऱ्या खाणारा एक रुपयाही घालत नाही. खेळाडू तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला लाल परीनं जातो, तेव्हा त्याच्या डब्याची चौकशी तो करत नाही. मॅट फाटली, मैदानावर सभेचा मंडप पडला, धावपट्टीवर वाहनं लागली, तरी त्याला दिसत नाही. पदक आलं की मात्र स्टेशनवर पहिला हार त्याचा, आणि फ्लेक्सवर खेळाडूपेक्षा मोठा फोटो त्याचा. याचं नाव जिल्ह्याचा अभिमान! हे गृहस्थ दोन्ही शहरांत सारखेच आहेत. या एका बाबतीत नांदेड-लातूर सामना बरोबरीत सुटलेला आहे.

परीक्षा घ्यायची तर अशी घ्या. मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर भारताचा ध्वज तिच्या हातात होता. गोळाफेकीत तिचं पदक हुकलं. ज्या जिल्ह्याच्या पोरीनं देशाचा झेंडा धरला, त्या जिल्ह्यातल्या किती अभिमान्यांना तिचा क्रीडाप्रकार सांगता येईल? रिकाम्या हातानं आलेल्या खेळाडूला ओळखतो तो चाहता. ही कसोटी लावायला मी तयार आहे. पण ती आयपीएल बघणाऱ्या पोरांच्या आधी व्यासपीठावर बसणाऱ्यांना लावा.

यावर एक शेवटचा बचाव येईल आणि तो वजनदार आहे. चुरस मारली तर खेळ मरतो, असं काही जण म्हणतील. मी चुरस मारा म्हणत नाही. माझी तक्रार नेमकी उलटी आहे: नांदेड-लातूर चुरस इतकी जुनी, इतकी तिखट, आणि तिचा एकही सामना असा नाही ज्याची तारीख लोक कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. नांदेडला गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा होते, बाहेरचे बलाढ्य संघ येतात, लोक चांगल्या खेळाला दाद देतात. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. पण नांदेड विरुद्ध लातूर, यंदा इथं आणि पुढच्या वर्षी तिथं, असं काही नाही.

त्यातल्या त्यात दोन्ही जिल्हे एका फडावर दिसतात ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. लोहा तालुक्यातलं हे गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळं दोन्हीकडची माणसं तिथं येतात. हलगी कडाडते, आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग रकमा चढत जातात. फडाभोवती मांडी घालून बसलेला म्हातारा शड्डू ठोकणाऱ्या गड्याकडं बघून शेजाऱ्याला विचारतो, "कुणाचा पठ्ठ्या हाय?" जिल्हा विचारत नाही, वस्ताद विचारतो. नाव कळलं की मान हलवतो आणि मनातल्या मनात बाजू धरतो. पण समोरच्यानं ढाक लावून गडी उचलला, तर तोच म्हातारा पहिला टाळी देतो. कुस्ती रेंगाळली की दोघांनाही शिव्या हासडतो, "निकाली करा की रं!" आणि हरलेला पोरगा जीव तोडून लढला असेल तर तो फडाबाहेर निघताना त्याच्याही हातात दहाची नोट ठेवतो. एका कुस्तीत दोनदा बाजू बदलणाऱ्या या म्हाताऱ्याला वाऱ्यावरचा म्हणायची छाती आहे का कुणाची? खेळ त्याला कळतो आणि त्याच्यासाठी तो खिशात हात घालतो. त्याच्याएवढी निष्ठा मला कुठल्या फ्लेक्सवर दिसलेली नाही.

तेव्हा आरोपपत्र लिहिणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. पोरांच्या जर्सीचे रंग मोजणं सोडा आणि एक सामना भरवा. कुस्ती घ्या, खो-खो घ्या, कबड्डी घ्या, हॉकी घ्या. एक वर्ष नांदेडला, एक वर्ष लातूरला, आणि वाद झालाच तर अधेमधे माळेगावला. खेळाडू त्या जिल्ह्यात जन्मलेला असावा अशी अट घालू नका. तिथं शिकतो, राबतो, सराव करतो एवढं पुरे. तिकीट दहा रुपये ठेवा आणि ते आमदारापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना लावा. सत्कार नको, भाषण नको, हार नको. जिंकणाऱ्याला ढाल, हरणाऱ्याला पुढच्या वर्षीची तारीख. पाच वर्षं हे चालवून दाखवा. सहाव्या वर्षी लातूरचं पिवळं आणि नांदेडचं नारिंगी पोरगं आपापल्या जिल्ह्यासाठी घसा फोडताना दिसलं नाही, तर खुशाल म्हणा, या मातीत निष्ठा नाही. सामना न भरवताच प्रेक्षकाला गद्दार ठरवणं मात्र बंद करा.